पिकअपच्या गिअरबॉक्सला रिकॉल लागला, आता काय करायचं

अमेरिकेत पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवरून निघणारे सेफ्टी रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावणं, बहुतेक तीन तक्रारींभोवती फिरतात. उभी केलेली गाडी घरंगळते. चालती गाडी अचानक खालच्या गिअरमध्ये पडते किंवा तिची मागची चाकं जाम होतात. नाहीतर गिअरबॉक्समधलं तापलेलं तेल बाहेर येऊन आग लागू शकते. आपल्या ट्रकला यातली कुठली तक्रार लागू आहे हे आधी शोधा, कारण दुरुस्ती होईपर्यंत घ्यायची काळजी तिन्हींत वेगळी आहे. दुसरी गोष्ट डीलरच्या काउंटरवर सहसा कुणी आपणहून सांगत नाही: रिकॉल ‘झाला’ म्हणजे सदोष भाग बदलला, असं नाही. अलीकडचे काही मोठे रिकॉल नुसतं सॉफ्टवेअर बदलून मिटवलेले आहेत. त्यामुळे दुरुस्तीत नेमकं काय केलं आणि काय तसंच राहिलं, हे विचारून घेणं हा या कामाचा अर्धा भाग आहे.

पत्राची वाट पाहू नका

कायद्याचा क्रम असा आहे. सुरक्षेशी संबंधित दोष आहे असं कंपनीने ठरवलं की पाच कामाच्या दिवसांत तिला एनएचटीएसए या केंद्रीय रस्तासुरक्षा संस्थेकडे अहवाल द्यावा लागतो, आणि त्यानंतर साधारण ६० दिवसांत मालकांना पत्र पाठवावं लागतं. पत्ते राज्यांच्या वाहननोंदणीतून घेतले जातात. घर बदललं आणि नोंदणीवर जुनाच पत्ता राहिला, किंवा ट्रक सेकंडहँड घेतला आणि नावावर व्हायला वेळ लागला, की पत्र भलत्याच दारात पडतं. खऱ्या पाकिटावर परिवहन खातं आणि एनएचटीएसए यांची बोधचिन्हं असलेला, ‘केंद्रीय कायद्यानुसार दिलेली सुरक्षा रिकॉलची महत्त्वाची माहिती’ अशा अर्थाचा ठळक इंग्रजी शिक्का असतो. ‘तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली, ताबडतोब फोन करा’ छापाची जी पत्रं येतात त्यांचा रिकॉलशी काही संबंध नसतो. खऱ्या रिकॉलच्या पत्रात कुणीही क्रेडिट कार्डाचा नंबर मागत नाही.

पत्र येवो न येवो, एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या पानावर जाऊन गाडीचा १७ अक्षरी ओळखक्रमांक, म्हणजे व्हीआयएन, टाका. तो ड्रायव्हरच्या बाजूला विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, नोंदणीच्या कागदावर आणि विम्याच्या कार्डावर सापडतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तसं काही दिसलं तर ते एक किंवा शून्य आहे. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं: ई म्हणजे २०१४, जे म्हणजे २०१८, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३. गाडी कधी विकत घेतली यावरून मॉडेल वर्ष ठरवू नका. डिसेंबरात घेतलेली गाडी पुढच्या वर्षाची असू शकते, आणि रिकॉलची यादी मॉडेल वर्ष आणि कारखान्यातून बाहेर पडल्याची तारीख यांवर चालते.

या शोधाला मर्यादा आहेत. दुरुस्त झालेले रिकॉल तिथे दिसत नाहीत, फक्त बाकी असलेले दिसतात. साधारण गेल्या १५ वर्षांचेच दिसतात. आणि रिकॉल नुकताच जाहीर झाला असेल तर कंपनीने सगळे व्हीआयएन चढवलेले नसतात, तेव्हा आज ‘एकही बाकी नाही’ असं उत्तर आलं तरी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पाहा. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही तोच व्हीआयएन टाकून बघा. तिथे रिकॉलखेरीज वाढीव वॉरंटीसारख्या गोष्टीही कधीकधी दिसतात, ज्या सरकारी यादीत येत नाहीत.

शेजाऱ्याच्या ट्रकवरून आपल्या ट्रकचा निष्कर्ष काढणं इथे हमखास फसतं. फोर्ड एफ-१५० मधल्या सहा गिअरच्या ६आर८० गिअरबॉक्सचंच पाहा. चालत्या गाडीत तो अचानक पहिल्या गिअरमध्ये पडतो या तक्रारीवर २०१६ मध्ये २०११-१२ च्या काही गाड्यांचा रिकॉल निघाला. २०१९ मध्ये २०११ ते २०१३ च्या सुमारे १४.८ लाख एफ-१५० ट्रकचा निघाला. २०१४ मॉडेलचे सुमारे साडेपाच लाख ट्रक त्यात यायला जून २०२४ उजाडलं. २०१५ ते २०१७ च्या सुमारे १२.७ लाख ट्रकची चौकशी एनएचटीएसएने मार्च २०२५ मध्ये सुरू केली. तक्रार एकाच जातीची, पण तुमचा ट्रक कुठल्या साली बनला त्यावर आठ-नऊ वर्षांचा फरक पडतो.

रिकॉलचा क्रमांक आणि मूळ अहवाल

व्हीआयएन टाकल्यावर रिकॉल दिसला तर त्याचा क्रमांक लिहून घ्या. २०१४ च्या एफ-१५० चा क्रमांक २४व्ही-४४४ आहे: पहिले दोन आकडे वर्षाचे, ‘व्ही’ वाहनासाठी, नंतरचा अनुक्रमांक. कंपनीचा स्वतःचा वेगळा क्रमांक असतो आणि डीलरच्या संगणकात तो लागतो, म्हणून दोन्ही जवळ ठेवा.

त्याच पानावर कंपनीने दिलेला मूळ दोष-अहवाल पीडीएफमध्ये असतो. पत्रापेक्षा तो वाचणं कितीतरी फायद्याचं. पत्रात वकिलांनी घासूनपुसून घेतलेली दोन वाक्यं असतात. अहवालात दोषाचं कारण, बिघाडाआधी मिळणाऱ्या सूचना, किती टक्के गाड्यांत दोष असावा याचा कंपनीचा अंदाज, दुरुस्ती काय करणार आणि दोष कसा उघडकीला आला याची तारीखवार नोंद असते. ‘सूचना’ या रकान्यात काहीच नसेल, म्हणजे बिघाड कुठलीही पूर्वसूचना न देता येणार असेल, तर गाडी चालवावी की नाही हे ठरवताना त्याला वजन द्या.

घरंगळणारी गाडी: ‘पी’ म्हणजे ब्रेक नव्हे

‘पी’मध्ये गिअर टाकला की गिअरबॉक्समध्ये एक छोटी पोलादी खीळ, पार्किंग पॉल, बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरच्या दातेरी चाकाच्या खाचेत बसते. तीन टनी ट्रक, मागे ट्रेलर, आणि हे सगळं बोटाएवढ्या तुकड्यावर तोललेलं. शिवाय ती खीळ थेट चाकांना धरत नाही. तिच्यापुढे ड्राइव्हशाफ्ट, डिफरन्शिअल, अ‍ॅक्सल अशी साखळी आहे आणि त्यातला एक दुवा निसटला की ‘पी’चा उपयोग शून्य.

त्यामुळे घरंगळण्याचे रिकॉल वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. खीळच नीट बसत नाही हा एक प्रकार: जून २०२२ मध्ये निस्सानने २०२० ते २०२३ च्या फ्रंटियर आणि टायटनचे सुमारे १.८ लाख ट्रक याच कारणाने परत बोलावले. दुसरा प्रकार लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या केबलचा. एप्रिल २०१८ मध्ये फोर्डने २०१८ ची एफ-१५० आणि इतर मॉडेल्स मिळून साडेतीन लाखांच्या आसपास गाड्या बोलावल्या, कारण केबल गिअरबॉक्सला धरून ठेवणारी क्लिप पुरती बसलेली नव्हती. यात लिव्हर ‘पी’ दाखवतो, डॅशवरही ‘पी’ दिसतं, किल्लीसुद्धा निघते, आणि गिअरबॉक्स मात्र दुसऱ्याच गिअरमध्ये असतो. केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश उष्णतेने आणि दमटपणाने ठिसूळ होऊन निसटला तरी हेच होतं.

तिसरा प्रकार इंटरलॉकचा, म्हणजे ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर ‘पी’मधून हलू न देणाऱ्या पिनेचा. डिसेंबर २०१७ मध्ये रॅमच्या २००९ ते २०१७ मॉडेल्सचे, स्टिअरिंग कॉलमवर लिव्हर असलेले सुमारे १८ लाख ट्रक यासाठी बोलावले गेले. कारण वाचण्यासारखं आहे: इंजिन चालू, गिअर ‘पी’मध्ये आणि पाय बराच वेळ ब्रेकवर ठेवला की कॉलमच्या आत उष्णता वाढून ती पिन नादुरुस्त होऊ शकते. ट्रक सुरू ठेवून फोनवर बोलत बसणाऱ्यांची ही अगदी रोजची सवय आहे. पिन गेलेल्या ट्रकमध्ये आत बसलेल्या लहान मुलाचा हात लागला तरी लिव्हर खाली येऊ शकतो.

चौथा प्रकार गिअरबॉक्सच्या बाहेरचा, पण परिणाम तोच. २०२१ ते २०२३ च्या, जड ट्रेलर ओढण्याचं पॅकेज असलेल्या सुमारे १.१३ लाख एफ-१५० ट्रकमध्ये मागच्या अ‍ॅक्सलच्या हबचा बोल्ट तुटू शकतो आणि ‘पी’मध्ये असूनही गाडी घरंगळू शकते. रिकॉल शोधताना म्हणूनच फक्त ‘ट्रान्समिशन’ शब्द पाहून थांबू नका. ‘पॉवरट्रेन’ खालची सगळी नोंद वाचा.

रिकॉल नसतानाही ‘पी’ धरत नाही अशा दोन जागा लक्षात असू द्या. फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग, न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरबॉक्स चाकांपासून पूर्ण सुटलेला असतो. आणि साधं, लॉक नसलेलं डिफरन्शिअल असलेल्या टू-व्हील-ड्राइव्ह ट्रकचं मागचं एक चाक जॅकवर किंवा बर्फावर असेल, तर ते उलटं फिरतं आणि दुसरं सुलटं. ट्रक निघून जातो.

गाडी उभी करण्याचा बरोबर क्रम असा. पायाचा ब्रेक दाबून थांबा. गिअर न्यूट्रलमध्ये टाका. पार्किंग ब्रेक पूर्ण लावा. आता पायाचा ब्रेक हळूच सोडा आणि ट्रकचं वजन पार्किंग ब्रेकवर बसू द्या. किंचित हलून गाडी थांबली पाहिजे. मगच ‘पी’ टाका आणि इंजिन बंद करा. आधी ‘पी’ आणि मग पार्किंग ब्रेक असं केलं की सगळं वजन खिळीवर राहतं, आणि चढावर निघताना लिव्हर खाड्कन आवाज करत सुटतो. तो आवाज खिळीचा आहे. उतारावर तोंड असेल तर पुढची चाकं फुटपाथच्या कडेकडे वळवा, चढावर कड असेल तर कडेपासून दूर, आणि कड नसेल तर दोन्ही वेळा रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला. ट्रेलर असेल तर ट्रेलरच्या चाकांनाही उताराच्या बाजूने ठोकळे लावा.

पार्किंग ब्रेक वर्षानुवर्षं न वापरलेल्या ट्रकचा तो धरतोच असं नाही. दुरुस्तीची तारीख मिळेपर्यंत सगळा भरवसा त्याच्यावर ठेवायचा असल्याने आधी तपासा. थोडा उतार असलेल्या, पुढेमागे माणूस नसलेल्या मोकळ्या जागी पार्किंग ब्रेक लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, पायाचा ब्रेक सावकाश सोडा, पण पाय पेडलवरच असू द्या. सरकली तर रिकॉलची वाट न पाहता पार्किंग ब्रेक आधी दुरुस्त करून घ्या. तो खर्च तुमचा.

जाता जाता: १९८० च्या सुमारास, ‘पी’मधून रिव्हर्समध्ये घसरणाऱ्या गाड्यांच्या प्रश्नावर फोर्डने १९६६ ते १९८० च्या सुमारे २.३ कोटी गाड्यांच्या मालकांना रिकॉलऐवजी डॅशबोर्डवर चिकटवायचे इशाऱ्याचे स्टिकर पाठवले होते. ‘दुरुस्ती तयार होईपर्यंत पार्किंग ब्रेक लावा’ असं आजचं पत्र त्याच वंशातलं आहे. पण ती सूचना पाळायलाच हवी, कारण तेवढंच हातात असतं.

अचानक खाली पडणारा गिअर, जाम होणारी चाकं

एफ-१५० मधला दोष समजायला सोपा आहे. गिअरबॉक्सच्या आत एक साच्यात घडवलेली वायरिंगची पट्टी असते, तिला लीड फ्रेम म्हणतात. बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर तिच्यावर असतो. त्याचा सिग्नल क्षणभर तुटला की संगणकाला वाटतं गाडी थांबली, आणि तो पहिला गिअर टाकतो. गाडी तेव्हा महामार्गावर असेल तर मागची चाकं घसरतात.

जनरल मोटर्सचा ऑक्टोबर २०२४ चा रिकॉल वेगळा: २०२० ते २०२२ च्या सिल्व्हराडो, सिएरा आणि काही मोठ्या एसयूव्ही, फक्त डिझेल इंजिन आणि दहा गिअरचा गिअरबॉक्स असलेल्या, सुमारे ४.६२ लाख गाड्या. गिअरबॉक्समधला एक कंट्रोल व्हॉल्व्ह झिजतो, तेलाचा दाब जातो आणि गिअर खाली टाकताना मागची चाकं क्षणभर जाम होऊ शकतात. कडक, हिसका देणारे गिअर ही आधीची खूण असते.

असं चालू गाडीत झालं तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेकवर जोरात पाय मारू नका. मागच्या टायरची पकड आधीच गेलेली असते, जोरात ब्रेक लावला की शेपूट फिरतं. लिव्हर न्यूट्रलमध्ये ढकला, वेग उतरू द्या, इंडिकेटर लावून कडेला या. इंजिन बंद करू नका; स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.

थांबल्यावर इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की ट्रक पुष्कळदा नीट चालायला लागतो. सिग्नल अधूनमधून तुटण्याच्या दोषाचा हाच स्वभाव आहे, त्यामुळे ‘आपोआप बरी झाली’ असं समजून पुढे जाऊ नका. ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र, असेल तर कोड वाचून फोटो काढा. शाफ्टच्या वेगाच्या सेन्सरचे कोड पी०७२०, पी०७२१, पी०७२२. कोड पुसू नका. पुसले की डीलरकडे ‘आम्हाला काही आढळलं नाही’ हे उत्तर मिळण्याची सोय तुम्हीच करून देता. टो करायचं असेल तर सपाट ट्रेलरवर चढवून न्या. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर बंद इंजिनामुळे गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि उरलासुरलाही खराब होतो.

टोयोटाचा फेब्रुवारी २०२४ चा रिकॉल या दोन्हींच्या मधला आहे. २०२२ ते २०२४ च्या टुंड्रासह सुमारे २.८ लाख गाड्यांत न्यूट्रल टाकल्यावरही गिअरबॉक्सचे काही भाग लगेच सुटत नाहीत, आणि ब्रेक लावलेला नसेल तर सपाट जागेवर गाडी हळू पुढे सरकते. कार वॉशमध्ये किंवा टोच्या रांगेत न्यूट्रल टाकून पाय काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तेल बाहेर येणं

२०२२ च्या अखेरीस कमिन्स डिझेल आणि ६८आरएफई गिअरबॉक्स असलेले रॅम २५०० आणि ३५०० असे सुमारे अडीच लाख ट्रक परत बोलावले गेले. आत दाब आणि उष्णता वाढून तेल डिपस्टिकच्या नळीतून उसळू शकतं आणि इंजिनच्या तापलेल्या भागावर पडलं की पेट घेतं. दुरुस्ती होईपर्यंत जड ट्रेलर घेऊन लांब चढ टाळा, लालसर तेलाचे डाग आणि जळका वास यांकडे लक्ष ठेवा, धूर दिसला की बॉनेट न उघडता लांब व्हा. तेल कमी वाटलं म्हणून अंदाजाने ओतू नका. जास्त भरलेलं तेल फेसाळतं आणि त्याच नळीतून बाहेर येतं.

डीलरकडे

विक्रीच्या नव्हे, सर्व्हिस विभागाला फोन करा. व्हीआयएन आणि दोन्ही क्रमांक द्या आणि तीन प्रश्न विचारा: दुरुस्ती उपलब्ध आहे का, सुटा भाग लागणार असेल तर तो आत्ता हातात आहे का, आणि गाडी किती वेळ सोडावी लागेल. भाग मागवावा लागणार असेल तर तो तुमच्या व्हीआयएनच्या नावाने मागवून घ्या, तुम्ही पोहोचेपर्यंत तो दुसऱ्याच ट्रकला लागू नये म्हणून. ट्रक ज्या डीलरकडून घेतला त्याच्याचकडे जायचं बंधन नाही. त्या कंपनीचा कुठलाही अधिकृत डीलर चालतो.

दुरुस्ती फुकट असते. अट एवढीच, की पहिल्या ग्राहकाने गाडी घेतल्यापासून रिकॉल निघेपर्यंत १५ वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला नसावा. वॉरंटी संपली, मैल जास्त झाले, तुम्ही तिसरे मालक आहात, यातलं काहीही आड येत नाही. बदली गाडी मात्र कायद्याने मिळत नाही. मागा, कारण कंपन्या काही रिकॉलमध्ये देतात, विशेषतः गाडी चालवू नका असं सांगितलेलं असेल तेव्हा.

बाहेरून ट्यून केलेल्या, म्हणजे संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून घेतलेल्या, ट्रकच्या मालकांनी एक गोष्ट आधीच ठरवावी. रिकॉलमध्ये इंजिनचा किंवा गिअरबॉक्सचा संगणक नव्याने लिहिला जातो आणि तुमचं ट्यूनिंग पुसलं जातं. नंतर जुनी फाइल परत टाकली की दुरुस्तीही पुसली जाते, आणि सरकारी यादीत मात्र रिकॉल ‘पूर्ण’ दिसत राहतो. ट्यून करणाऱ्याकडून नव्या सॉफ्टवेअरवर आधारलेली फाइल घ्या, नाहीतर ट्यूनिंग सोडा.

काम झाल्यावर छापील रिपेअर ऑर्डर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. त्यावर रिकॉलचा क्रमांक, तारीख, मैल, आणि भाग बदलला असेल तर पार्ट नंबर हवा. सॉफ्टवेअर असेल तर नवी आवृत्ती. तुम्हाला आलेला त्रास त्यावर तुमच्याच शब्दांत नोंदवायला लावा: ‘६० मैल वेगात असताना पहिल्या गिअरमध्ये गेली’ असं. ‘ग्राहक रिकॉलसाठी आला’ एवढंच लिहिलं तर पुढे दोष परत आल्यावर हातात काही राहत नाही.

आता सुरुवातीचा मुद्दा. जनरल मोटर्सच्या डिझेल रिकॉलमधलं सॉफ्टवेअर व्हॉल्व्ह बदलत नाही. ते झीज ओळखतं, चाकं जाम व्हायच्या सुमारे १०,००० मैल आधी इशारा देतं आणि गिअरबॉक्सला पाचव्या गिअरच्या वर जाऊ देत नाही. २०१४ च्या एफ-१५० मध्येही उपाय सॉफ्टवेअरचाच आहे. लीड फ्रेम जुनीच राहते. म्हणजे दुरुस्तीनंतर इंजिनचा दिवा लागला किंवा ट्रक एका गिअरमध्ये अडकला तर ते सॉफ्टवेअर आपलं काम करतंय, आणि भाग बदलायची वेळ आली आहे. तो भाग कुणाच्या खर्चाने बदलणार, वाढीव वॉरंटी आहे का, किती वर्षं आणि किती मैल, हे डीलरकडून लेखी घ्या. याउलट, संगणक नव्याने लिहिल्यावर सुरुवातीला गिअर थोडे कडक किंवा उशिरा पडणं यात काही विशेष नाही. तो शिकलेल्या सवयी विसरून पुन्हा शिकत असतो. आठवड्या-दोन आठवड्यांच्या नेहमीच्या चालवण्यानंतरही हिसके राहिले तर परत न्या. तोवर व्हीआयएन पुन्हा टाकून रिकॉल यादीतून गेला का तेही पाहा. डीलरने काम केलं पण नोंद चढवली नाही असं होतं.

आधीच खिशातून पैसे गेले असतील तर

रिकॉल निघण्यापूर्वी त्याच दोषाची दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने केली असेल तर परतावा मागता येतो, खासगी मेकॅनिककडे केली असली तरी. किती मागची पावती चालेल याला नियम आहे: एनएचटीएसएने त्या दोषाची सखोल तांत्रिक तपासणी सुरू केल्याची तारीख, किंवा कंपनीच्या अहवालाच्या एक वर्ष आधीची तारीख, यातली जी आधीची ती धरली जाते. शेवटची मर्यादा कंपनीने मालकांना शेवटचं पत्र टाकल्यापासून दहा दिवस. म्हणजे पत्र आल्यानंतर बाहेर दुरुस्ती करून पैसे मागू नका. दाव्यासोबत नाव-पत्ता, व्हीआयएन, रिकॉल क्रमांक, काय केलं ते सांगणारी पावती आणि पैसे भरल्याचा पुरावा लागतो. कंपनीने ६० दिवसांत त्यावर निर्णय द्यायला हवा. वॉरंटी चालू असताना बाहेर केलेलं काम बहुधा नाकारलं जातं, पण डीलरने तेव्हा वॉरंटीत करायला नकार दिला होता असं कागदावर असेल तर दावा टिकतो.

रिकॉल नाही, पण लक्षण तेच आहे

गिअरबॉक्सच्या सगळ्या तक्रारी रिकॉलमध्ये जात नाहीत. जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सची थरथर, फोर्डच्या दहा गिअरच्या १०आर८० चे हिसके यांवर सर्व्हिस बुलेटिन आणि खटले झाले. बुलेटिन म्हणजे मेकॅनिकला दिलेली दुरुस्तीची कृती. वॉरंटी संपली की खर्च तुमचा. तरी ती वाचा, एनएचटीएसएच्या पानावर कंपनीच्या पत्रव्यवहाराखाली मिळतात. थरथरीवर गिअरबॉक्स बदलण्याआधी ठरावीक नवं तेल भरून पूर्ण फ्लश करायला सांगणारं बुलेटिन तुमच्या गाडीला लागू असेल, तर ते दाखवल्यावर बिलात मोठा फरक पडतो.

प्रकरण सुरक्षेचं असेल, म्हणजे गाडी घरंगळली, चाकं जाम झाली, महामार्गावर ताकद गेली, तर एनएचटीएसएकडे तक्रार नोंदवा. संकेतस्थळावर किंवा ८८८-३२७-४२३६ वर. व्हीआयएन, तारीख, मैल, वेग, उतार होता का, लिव्हर आणि डॅश दोन्हीवर कुठला गिअर दिसत होता, कोड, आणि डीलरने काय केलं, एवढं लिहा. ‘गिअरबॉक्स भयंकर आहे’ याचा तपासणाऱ्याला उपयोग नाही. ‘डॅशवर पी दिसत असताना ड्राइव्हवेवरून दहा फूट मागे गेली’ याचा आहे. डीलर रिकॉलचं काम टाळत असेल तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाकडे प्रकरण क्रमांक उघडा. रिकॉल केलेली गाडी दुरुस्तीसाठी दिल्यावर ६० दिवसांत नीट झाली नाही, तर वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही असं कायदा प्रथमदर्शनी धरतो, आणि पुढचा उपाय बदली गाडी किंवा पैसे परत हा असतो. म्हणून गाडी कुठल्या तारखेला सोडली याची पावती जपा.

सेकंडहँड पिकअप घेताना हे सगळं उलट्या बाजूने लागू होतं. बाकी रिकॉल असलेली नवी गाडी डीलरला विकता येत नाही, आणि ३५ किंवा त्याहून जास्त गाड्या असलेल्या भाड्याच्या कंपन्यांना तशी गाडी भाड्याने देता येत नाही. पण जुनी गाडी विकायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. पैसे देण्याआधी व्हीआयएन टाका, रिकॉल पूर्ण असेल तर त्याची रिपेअर ऑर्डर मागा, ट्यून केली आहे का ते विचारा, आणि चालवून बघताना चढावर थांबून पार्किंग ब्रेक एकट्याने धरतो का ते पाहा. बाकी असेल तर सौद्यात ‘विकणाऱ्याने रिकॉल करून मगच ताबा द्यायचा’ असं लिहून घ्या. नाव बदललं की कंपनीच्या संकेतस्थळावर नवा मालक म्हणून नोंदणी करा, म्हणजे पुढचं पत्र तुमच्या दारात येईल.